अकराव्या वहीची शिवण

गाठ बाहेरच्या अंगाला होती. मोठीबाईचं बोट वहीच्या पाठीवरून खाली येता येता तिथे अडलं आणि अडलेलंच राहिलं. तांदळाच्या कणीएवढी गाठ. दुसऱ्या कुणाच्या हाताला लागली असती तर कळलंही नसतं. तिने चष्मा पुसला, वही खिडकीच्या उजेडाकडे वळवली, पुन्हा बोट फिरवलं. होतीच. टेबलापलीकडे बसलेली संस्थेतली बाई, जिला मोठीबाईने पहिल्याच भेटीत मनातल्या मनात वहीवाली असं नाव देऊन टाकलं होतं, घाईघाईने म्हणाली, "आजी, हातमोजा काढू नका हो. कागद फार जुना आहे, घामाने खराब होतो." तेव्हा मोठीबाईच्या लक्षात आलं, की उजव्या हातातला तो पांढरा, झिरझिरीत, कात टाकल्यासारखा हातमोजा आपण कधीच काढून मांडीवर टाकलाय. "कागद जुना आहे," ती म्हणाली, "आणि मी काय कालची आहे? ह्याच मांडीवर घेऊन शिवल्यात ह्या वह्या. तेव्हा हाताला कांद्याचा वास होता तो चालला, आता घाम चालत नाही होय?" वहीवाली ओशाळं हसली. शेजारच्या खुर्चीत पुढे सरकून बसलेल्या मुलाने, वय वर्षं पन्नास, डोक्यावर केस बेताचे, "आई," एवढंच म्हटलं. त्याचं 'आई' लहानपणापासून असंच, अर्ध्यावर थांबणारं, उरलेलं समोरच्याने समजून घ्यावं असं. बापाने बुद्धी दिली नाही ती नाही, ही खोड मात्र पुरेपूर दिली.

टेबलावर कागद होता. टाइप केलेला, खाली तिच्या सहीसाठी रेघ मारलेला, आणि शेजारी टोपण काढून तयार ठेवलेलं पेन, म्हणजे म्हातारीला टोपण काढायचेही कष्ट नकोत. कागदावरचा मजकूर मुलाने तिला दोनदा वाचून दाखवला होता, एकदा हळू आणि एकदा ती बहिरी असल्यासारखा मोठ्याने. की अकरा नंबरची ही वही मी स्वतःच्या हाताने शिवली. की ज्या वर्षी घरात तपकिरी पडदे केले त्याच वर्षीचा हा तपकिरी दोरा. की माझी शिवण कुणी मुद्दाम उसवल्याशिवाय सुटत नाही. आणि ही वही भरली तेव्हा ती विद्यार्थिनी आमच्या घरी यायलासुद्धा लागली नव्हती. सगळी वाक्यं तिचीच, फोनवर तिनेच वहीवालीला ऐटीत सांगितलेली. चौतीसच्या चौतीस वह्या माझ्या हातच्या, नुसता दोरा दाखवा, वर्ष सांगते, असं म्हणाली होती. हो, म्हणाली होती. ह्यांच्या, म्हणजे गेलेल्या नवऱ्याच्या, सगळ्या पसाऱ्यात तिला विचारल्यावाचून अडावं असं पहिल्यांदाच काही निघालं होतं, मग ती काय मागे राहणार? विद्यार्थिनी म्हणजे टिटवी. टिटवीच्या कुणा शिष्येने कुठल्याशा मासिकात लिहिलं होतं, की विज्ञानातल्या ज्या नियमामुळे ह्यांचं जगात नाव झालं तो मुळात टिटवीच्या डोक्यातून निघाला. पुढच्या आठवड्यात संस्थेच्या नव्या इमारतीला ह्यांच्या नावाची पाटी लागायची होती, आणि त्याच्या तोंडावर हे. सगळ्यांची धावपळ उडाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की नियमाचं सूत्र अकराव्या वहीत आहे, वर ह्यांच्या हातची तारीख आहे, आणि तारखेवर कुणाचा विश्वास नसला तर वही शिवणारी म्हातारी अजून जिवंत आहे.

वह्या शिवायची वेळ का आली ते कुठे छापलेलं नाही. ह्यांच्यावर सात पुस्तकं आली. त्यातल्या एकात तिच्याबद्दल दीड ओळ आहे, पत्नीची मोलाची साथ लाभली. मुलाने ती कौतुकाने वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली होती, "साथ? मागे बसून काय वाजवत होते का मी?" हे सुट्या कागदांवर लिहायचे आणि कागद जातील तिथे सोडून यायचे. न्हाव्याकडे, बसच्या बाकावर, एकदा तर दुधाच्या कॅनच्या झाकणाखाली. बाजारची बांधीव वही आणून दिली तर तिची पानं टराटरा फाडायचे, म्हणायचे, वही नीट उघडत नाही, विचार घडीत अडकतो. मग एका दुपारी तिने आठ-आठ कागद दुमडून जुड्या केल्या, सहा जुड्या एकावर एक ठेवल्या, दाभणाने चार-चार भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावलं आणि शिवून टाकलं. वही अशी सपाट उघडायची की बघत राहावं. हे काही बोलले नाहीत. ती वही भरल्यावर कोरे कागद आणून तिच्या शिवणाच्या डब्यावर ठेवले आणि निघून गेले. कौतुक म्हणतात ते हेच असावं, असं तिने स्वतःला समजावलं. दोरा ती घरातल्या कामातून उरलेला वापरायची, म्हणून तर वर्ष सांगता यायचं. मुलाच्या गणवेशाचा निळा, उशांच्या अभ्र्यांचा हिरवा, पडद्यांचा तपकिरी. आणि गाठ कायम आत, पानांच्या पोटात. तिच्या आईने तिला तिसरीतून काढून हातात सुई दिली तेव्हा पहिल्या दिवशी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं, की गाठ जगाला दाखवायची नसते. बाहेरची गाठ घासते, सुटते, आणि शिवणाऱ्या बाईची अब्रू काढते. चौतीस वह्यांत एकीचीही गाठ बाहेर नव्हती. नसायलाच हवी होती.

"आई, काय बघतेयस एवढं?" मुलगा म्हणाला.

"दोरा."

"दोरा तपकिरीच आहे ना?"

"आहे की. मला डोळे आहेत. तू जरा पाणी पी."

तिने पहिली जुडी मधोमध उघडली, जिथे दोरा दिसतो तिथे. चार टाके. आणि प्रत्येक टाक्याच्या शेजारी, केसाएवढं अंतर सोडून, एक रिकामं भोक. तिने दुसरी जुडी उघडली. टाका, शेजारी रिकामं भोक. तिसरी, तेच. चौथ्या जुडीत वहीवालीने खुणेसाठी पांढऱ्या कागदाची पट्टी घातलेली होती, आणि तिथे पोहोचायच्या आधीच मोठीबाईला कळून चुकलं होतं, जसं शेजारच्या खोलीत बसून कळतं की दूध आता उतू जाणार. चौथ्या जुडीला रिकामी भोकं नव्हती. चार टाके, चार भोकं, बस्स. पाचवीला होती. सहावीला होती. म्हणजे वही एकदा उसवली गेली होती. पाच जुड्या जुन्या, तिच्या दाभणाच्या भोकांसकट; त्या दुसऱ्यांदा भोसकून परत शिवल्या होत्या. आणि मधली ही एक, तिने कधी दाभण न लावलेली, नंतर आत सरकवलेली. दोऱ्याला मेणसुद्धा नाही. एक टाका दोर ओढावा तसा ताणलेला, पुढचा ढिला. आणि एवढं सगळं करून गाठ बाहेर! तिच्या मनात पहिला राग आला तो त्या टाक्यांचा. लबाडी करायची तर माणसाने धड तरी करावी. जगाला हिशोब शिकवायला निघालेला माणूस, सुई हातात घेतली तर हे दिवे लावतो.

मग हळूहळू दुसरा राग आला, आणि तो कुठून येतोय ते तिला लगेच कळेना. ती वही मांडीवर धरून नुसती बसून राहिली. ह्यांचा नियम तिला कळत नाही असं सगळे धरून चालतात, आणि तिनेही कधी कुणाची समजूत मोडली नाही. खरं तर त्याला फार काही लागत नाही. कुठल्याही वस्तूला धक्का दिला की ती थरथरते, मग निवते. निवायला किती वेळ घेते त्यावरून ती आतून कशी आहे ते ओळखता येतं, धड आहे का चिरलेली, कोरडी का ओली. उघडून बघावं लागत नाही. नियम एवढाच, बाकीची चारशे पानं म्हणजे किती, कसं आणि कुठवर. त्या चारशे पानांवर जग केवढं पुढे गेलं म्हणतात. पुलाला हातोडी मारून आतली चीर शोधतात ती त्यावर, जमिनीखालचं पाणी शोधतात ते त्यावर, आणि एकमेकांची पाण्याखाली लपलेली जहाजं शोधायला लष्करवालेही तेच वापरतात. चौकाला ह्यांचं नाव दिलंय, आणि तिथे गाड्या अशा तुंबतात की लोक दिवसातून शंभरदा ह्यांच्या नावाने बोटं मोडतात. इस्पितळातल्या त्या बोगद्यासारख्या यंत्राच्या मुळाशीही म्हणे हेच. गेल्या वर्षी ती चक्कर येऊन पडली तेव्हा तिलाही त्यात सरकवलं. यंत्र चालवणारा माणूस मोठ्या भक्तीने म्हणाला, "आजी, तुमच्या सरांच्याच नियमावर चालतं बरं का हे." ती आत पडून राहिली. नाकासमोर पांढरं छत, कानात ठाकठाक, आणि पलीकडे काचेआड कुणीतरी एक शब्द न बोलता तिच्या आतलं सगळं बघत बसलेलं. तिला वाटलं, यात नवीन ते काय? घरात चव्वेचाळीस वर्षं हेच चाललं होतं, फक्त ठाकठाक मी करायचे.

ह्यांचं न बोलणं हा लोकांना गुण वाटायचा. विचारमग्न म्हणायचे. तिने जेवायला वाढलेलं कधी खारट झालं तरी हे बोलायचे नाहीत, अळणी झालं तरी नाहीत. ताटाकडे न बघता जेवायचे आणि उठायचे, आणि मग स्वतःच्या घासाला तिला कळायचं आणि ती एकटीच भांडायची. भिंतीवर चेंडू मारल्यासारखं. मारणाऱ्याचाच हात दुखायचा. अशा घरात टिटवी आली. तपकिरी पडदे लागून वर्ष उलटलं होतं, अकरावी वही कधीच भरून कपाटात गेली होती. लांब काटकुळे पाय, कानात घुसणारा आवाज, मनगटावर मेलेल्या वडिलांचं भलंमोठं घड्याळ, जे हात वर केला की घसरत कोपरापर्यंत जायचं. टिटवी हे नाव मोठीबाईनेच ठेवलं. ह्यांच्या खोलीत खुर्च्यांवर कागद बसलेले असायचे, म्हणून दोघं जेवणाच्या टेबलावर बसायची, आणि मोठीबाई बटाटे सोलता सोलता ऐकायची. टिटवी ह्यांना म्हणायची, "नाही सर, इथे चुकलंय." तोंडावर. आणि ह्यांना ते आवडायचं! मोठीबाईने चुकलं म्हटलं तर हे खोलीत जायचे; टिटवीने म्हटलं तर खुर्ची पुढे ओढून घ्यायचे.

आणि मग कप. कपाची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकात आहे, चित्रासकट. थोर शास्त्रज्ञ सकाळी चहा पीत बसले होते, सहज त्यांनी चमच्याने एक कप वाजवला, मग दुसरा; एकाचा आवाज लवकर विरला; आणि त्यांच्या मनात वीज चमकली. चित्रात मागे एक बाई किटली घेऊन उभी आहे, मोठीबाईने आयुष्यात केलं नाही असं गोड तोंड करून. ही गोष्ट हे प्रत्येक मुलाखतीत सांगायचे. वीस वर्षं, तीस वर्षं. ऐकून ऐकून तिलाही तशीच दिसायची, ह्यांचा हात, ह्यांच्या बोटातला चमचा. आता वहीच्या पाठीवरच्या त्या गाठीवर बोट ठेवून बसली असताना तिला ती सकाळ परत दिसली, आणि चमचा धरलेल्या हातावरून घड्याळ घसरलं. घसरत कोपरापर्यंत गेलं. "ठेव तो कप, फोडशील," मोठीबाई तेव्हा खेकसली होती. "हा फुटलेलाच आहे, काकू," टिटवी म्हणाली होती, "दिसत नाही, पण ऐका ना. हा बघा लवकर गप्प होतो." तिने दोन्ही वाजवून दाखवले होते. मोठीबाईने कप हिसकावून गरम पाण्यात धरला आणि तळाशी बारीक रेघ उमटली. सहाच्या संचातला एक बाद झाला म्हणून तिचं डोकं फिरलं. कप कुणी वाजवला ते तिने कधी लक्षात ठेवलंच नाही, ठेवलं फक्त नुकसान. पण ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. हे आता आठवलं. घरात आग लागली तरी जो माणूस वर्तमानपत्र खाली ठेवत नसे, त्याने ते घडी घालून टेबलावर ठेवलं होतं.

पुढचं सगळं तिने केलं. म्हणजे तिला आजवर वाटत होतं की आपण केलं. त्या हिवाळ्यात दोघं दार लावून बसायला लागली, आतून टिटवीचं हसू यायचं, आणि एक दिवस चहा द्यायला गेली तर हे टिटवीच्या खुर्चीमागे उभे, हात खुर्चीच्या पाठीवर, दोघांची डोकी एका कागदावर. एवढंच. पण मोठीबाईला एवढं पुरलं. तिने टिटवीची पिशवी उचलून बाहेर ठेवली, आणि दारात उभं राहून, जिन्यावरच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्यापासून ह्या घरात पाय ठेवायचा नाही. दुसऱ्याचा संसार म्हणजे शिकवणी नाही." टिटवी पांढरी पडली. ती मोठीबाईकडे बघतच नव्हती, तिच्या खांद्यावरून मागे बघत होती. मागे हे खोलीच्या दारात उभे होते, हातात खडू. एक वाक्य बोलले असते, अगं तसं काही नाही, एवढं, तर मोठीबाई चार दिवस धुमसली असती आणि तिने विश्वास ठेवला असता. विश्वास ठेवायची तिची फार इच्छा होती. हे बोलले नाहीत. मान खाली घालून बोटांवरची पूड झटकत राहिले. ती समजली, पकडले गेले. अपराधी माणसाचा चेहरा तिला ओळखू येत होता, त्यात तिची चूक झालीच नव्हती. फक्त अपराध कुठला ते तिने आपल्या अकलेने ठरवून टाकलं. मग ती आपल्या बहिणींशी बोलली, बहिणी आणखी कुणाशी. संस्थेत सगळ्यांना कळलं, आणि टिटवीला दुसरा कुणी गुरू मिळेना. कोण आपल्या घरात भांडण घेईल? टिटवी लांबच्या एका गावात मुलींच्या कॉलेजात शिकवायला गेली. वर्षभराने ह्यांचा लेख आला. आणि मोठीबाईने ह्यांना थोडं थोडं करत, पुष्कळ वर्षं लावून, माफ केलं. आपण वेळेवर घर वाचवलं याचा तिला अभिमानसुद्धा होता. कुणाची सून नवऱ्याची तक्रार घेऊन आली की ती ठसक्यात सांगायची, दारात उभं राहायला शिक.

आणि बटण. टिटवी गेली त्याच आठवड्यातली गोष्ट, पाहुण्यांना हसवायला तिने ती किती वेळा सांगितली असेल. हे तिच्याकडे येऊन म्हणाले होते, तपकिरी दोरा कुठे आहे? उभ्या जन्मात ह्यांनी दोरा मागितला नव्हता. "काय, बटण तुटलं? द्या इकडे," ती म्हणाली. "मी लावतो," हे म्हणाले. तिला हसू आलं आणि भरूनही आलं. वाटलं, झाल्या गोष्टीची ही भरपाई चाललीय, बायकोचं एक काम कमी करतायत. रीळ आणि सुई घेऊन हे खोलीत गेले ते दोन तासांनी बाहेर आले. "जगाची आकडेमोड करणाऱ्या माणसाला एका बटणाला दोन तास!" असं ती सांगायची, आणि पाहुणे हसायचे, आणि टेबलाच्या टोकाला बसलेले हेही हसायचे. हसायचे! ह्यांच्या कुठल्याच कपड्याला तपकिरी बटण नव्हतं. कोट काळा, सदरे पांढरे. कपडे धुणारी ती, इस्त्री करणारी ती, आणि एवढी वर्षं हे बटण तिच्या नजरेतून सुटलं. दोऱ्यावरून वर्ष सांगते अशी फुशारकी ती ह्याच टेबलावर मारायची, आणि हे ताटाकडे बघत ऐकत असायचे.

आता तिला तो दुसरा राग नीट दिसला. चोरी केली, ठीक आहे, तोही एक मनुष्यच होता, भुलला असेल. पण चोरी केली ती माझ्या जिभेने केली. मला पुढे केलं. मी दारात उभी राहून गळा काढत होते, आणि मागे हा माणूस नुसता उभा राहून काम साधून घेत होता.

"आई, सही," मुलगा म्हणाला. "त्यांना परत जायचंय."

सही केली तर काय होणार होतं? काहीच नाही. इस्पितळातलं यंत्र ठाकठाक करत राहील, त्याला कुठे पत्ता नाव कुणाचं. पूल पडणार नाहीत. पाटी लागेल, मुलगा नवा कोट घालून पहिल्या रांगेत बसेल; त्याच संस्थेत वीस वर्षं शिकवून त्याला कुणी त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखलं नव्हतं, फलाण्यांचा मुलगा हीच त्याची पदवी, ती तरी शाबूत राहील. रिकामी भोकं कुणाला दिसली नव्हती आणि तिच्यामागे कुणाला दिसणारही नव्हती. तिने पेन उचललं. रेघेकडे बघितलं. वर लिहिलं होतं, ही शिवण माझ्या हातची आहे. तिने पेन खाली ठेवलं.

"ही शिवण माझी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. एवढी गबाळी शिवण मी तापात फणफणत असतानाही घातलेली नाही."

"आई, चाळीस वर्षं झाली. तुला कसं आठवणार?"

"आठवायचंय कशाला? दिसतंय की." तिने वही वहीवालीपुढे ढकलली. "तू ये गं इकडे. तुझ्याकडे भिंग असेल ना? गाठ बघ. मग एकेक जुडी मधोमध उघड आणि टाक्याशेजारी बघ. मला सांगू नकोस, मी मोजलंय. तू मोज."

वहीवालीने मोजलं. पहिल्यांदा भराभर, मग परत पहिल्यापासून, ओठ हलवत. चौथ्या जुडीपाशी ती थांबली आणि तिने स्वतःच घातलेली पांढरी पट्टी बाहेर काढून टेबलावर ठेवली. "सूत्र ह्याच जुडीत आहे," ती अगदी हळू म्हणाली. "आम्ही शाई तपासली. हस्ताक्षर तपासलं. भोकं नाही बघितली कुणी."

"वही सुटली असेल," मुलगा म्हणाला. "बाबांनी परत शिवली असेल. साधी गोष्ट आहे."

"मग चौथीला जुनी भोकं का नाहीत? बाकीच्या सुटल्या तेव्हा ती काय बाहेर फिरायला गेली होती?"

मुलगा उठला. त्याचा आवाज बारीक झाला, लहानपणी रडू आवरताना व्हायचा तसा. "हे ह्या खोलीबाहेर जाणार नाही. आई, बाबांचं नाव आहे हे."

"नाव त्यांचं. वही माझी."

"तुला त्यांचा राग होता. आयुष्यभर होता. ते गेले, आता उत्तर द्यायला नाहीत, म्हणून आज काढतेयस."

हे लागलं. ते खोटं नव्हतं, आणि पोर पन्नास वर्षांत पहिल्यांदा मनातलं पुरतं बोललं होतं. "आहे राग," ती म्हणाली. "रागावलेल्या बाईला भोकं मोजता येत नाहीत असं कुठे आहे? आणि उत्तर म्हणशील, तर होते तेव्हा तरी कुठे देत होते?"

वहीवाली वही मिटून दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसली होती. "आजी, मला हे वर सांगावं लागेल. लपवता येणार नाही मला. ते म्हणतील आत्ताच कशाला, पाटी लागू दे."

"सांग. म्हातारीने सांगितलं म्हणून सांग, शिव्या मला पडू देत, मला सवय आहे. तिचा फोन नंबर आहे तुझ्याकडे?"

"कुणाचा?"

"आता कुणाचा म्हणून विचारतेस? टिटवीचा."

नंबर होता, जुन्या पत्रांसाठी वहीवालीने तिला दोनदा फोन केला होता. मुलगा खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. वहीवालीने फोन लावून टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. वाजत राहिला. मोठीबाईच्या मनात येऊन गेलं की लागूच नये. तिला माफी मागायची सवय नव्हती, शब्द कुठून सुरू होतात तेसुद्धा ठाऊक नव्हतं. मग तो आवाज आला, म्हातारा झालेला, कडांना फाटलेला, पण अजून तसाच कानात शिरणारा. "हॅलो, कोण?"

"मी," मोठीबाई म्हणाली. आणि मग, "काकू."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

"अकराव्या वहीतली चौथी जुडी नंतर घातलेली आहे," मोठीबाई एका दमात म्हणाली. "मी आज बघितलं. आजच. सही केलेली नाही मी. आणि मी तुला दारात जे बोलले ते... ते तसं नव्हतं, हे मला आज कळलं." पुढचं जमेना. जमेना म्हणून ती चिडली, आणि चिडल्यावर तिला तिचा आवाज सापडला. "पण तू तोंड का नाही उघडलंस गं? एवढा गळा होता तुला! ह्यांच्याशी नाही तर नाही, माझ्याशी तरी भांडायचंस!"

"आले होते, काकू," टिटवी म्हणाली. "तीनदा आले. दोनदा तुम्ही दार उघडलं नाहीत, तिसऱ्यांदा उघडून लावून घेतलंत."

"ह्यांना भेटायला आलीस असं वाटलं मला."

"सरांना कशाला? सरांनी मला संस्थेत वही दाखवली होती. म्हणाले, हे माझ्याकडे आधीपासून आहे, बघ, तारीख आहे. मी तुम्हालाच विचारायला आले होते."

"मला? मला त्यातलं काय कळणार होतं?"

"वह्या तुम्ही शिवायचात ना," टिटवी म्हणाली.

मोठीबाईने फोनकडे बघितलं, मग मुलाच्या पाठीकडे. तो खिडकीशीच उभा होता, गेला नव्हता. तिने सहीचा कागद ओढून उलटा केला, कोरी बाजू वर करून वहीवालीपुढे सरकवला, आणि पेन तिच्या हातात दिलं.

"बोल," ती फोनमध्ये म्हणाली. "पहिल्या दिवसापासून बोल. इथे एक मुलगी लिहून घेतेय." तिचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता. "आणि मध्येच मी बोलायला लागले, तर मला गप्प कर."